आरतीत कोसळलेले गुरुजी: उभ्याने न मोजलेल्या प्रेशरचं प्रकरण

गौरी-गणपतींच्या विसर्जनाचा दिवस. गुहागर तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. दुपारी दोनला पंगत उठली, साडेतीनला उत्तरपूजेची आरती सुरू झाली. घरचे कर्ते म्हणून गुरुजी पुढे, हातात निरांजन. तिसऱ्या आरतीला त्यांचा आवाज बारीक झाला, मग शब्द मागेपुढे व्हायला लागले, आणि मुलाने वळून बघेपर्यंत ते खांबाला घासत खाली आले ते आडवेच. निरांजन समईवर आपटलं. चेहरा पांढराफटक, कपाळ मात्र कोरडं. कुणी कांदा फोडून आणला, कुणी साखर तोंडात घालायला निघालं, शेजारच्या आजींनी गाऱ्हाण्यात काहीतरी राहिलं असा निकाल देऊन टाकला. मिनिटभरात गुरुजींनी डोळे उघडले आणि विचारलं, "आरती पुरी झाली काय?"

मी या भागात बरीच वर्षं दवाखाना चालवते. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्यातल्या माझ्या चुकीमुळे.

गुरुजी एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. घरामागे माड-पोफळींचं आगर. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला. त्याआधी वर्षभर अक्षर बारीक होत चाललं होतं. फळ्यावर टपोरं अक्षर काढणारा माणूस, पण ओळ संपता संपता मुंग्यांची रांग. रत्नागिरीच्या न्यूरॉलॉजिस्टनी पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं निदान केलं, सिंडोपा ही लेव्होडोपाची, डोपामिन भरून काढणारी गोळी सुरू झाली, हात बराचसा थांबला, चाल सुधारली. तिथून पुढे आम्ही सगळे, मीही, त्यांचा आजार हातापायांतच मोजत राहिलो.

केसपेपरवर औषधं कशी साचत गेली ते बघण्यासारखं आहे. साठीला त्यांचं प्रेशर वाढलेलं सापडलं तेव्हा मी टेल्मिसार्टनबरोबर लघवी वाढवणाऱ्या औषधाची जोडगोळी लिहून दिली. तेव्हा ती बरोबरच होती. पुढे पार्किन्सन्स आला तरी ती गोळी तशीच चालू राहिली. चालू असलेल्या गोळीला कुणी हात लावत नाही, हा आपला सगळ्यांचाच अलिखित नियम. दोन वर्षांपूर्वी प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन आली. ती लघवीची वाट सैल करते, जोडीने रक्तवाहिन्याही थोड्या सैल करते. मग एका नातेवाइकाने कंपवातावर उत्तम म्हणून कवचबीजाचं चूर्ण आणून दिलं. आणि जुलैत, भर पावसात, दवाखाना ओसंडून वाहत असताना गुरुजी दमून आले म्हणून त्यांना तपासायच्या टेबलावर आडवं केलं, तिथेच पट्टा बांधला, १६४/९० आलं, आणि मी अ‍ॅमलोडिपिन ही प्रेशरची आणखी एक गोळी जोडून दिली. आडव्या माणसाचा आकडा घेऊन मी उभ्या माणसाला औषध लावलं.

काकूंनी त्या महिन्यात दोनदा सांगितलं होतं, "उठले की भिंत धरतात हो हे." मी म्हटलं, पार्किन्सन्समध्ये तोल जातोच.

आरतीच्या प्रसंगानंतर मुंबईहून गणपतीला आलेल्या मुलाने गाडी काढली आणि त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. ईसीजी, साखर, मेंदूचा सीटी स्कॅन, सगळं ठीक. प्रेशर खाटेवर घेतलेलं, १५०/८४. कागदावर 'व्हर्टायगो' आणि सिनॅरिझिनच्या गोळ्या. चक्करेसाठी आपल्याकडे ही गोळी सर्रास दिली जाते. पण ती डोपामिनच्या, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या मेंदूतल्या रसायनाच्या कामात खीळ घालते, आणि पार्किन्सन्सच्या माणसाकडे आधीच डोपामिनचा दुष्काळ. चार दिवसांत गुरुजी लाकडासारखे ताठ झाले. मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला तेव्हा पायरी चढायला त्यांना दोघांचा आधार लागत होता.

त्या दिवशी मात्र मी घाई केली नाही. त्यांना पाच मिनिटं सपाट झोपवलं: १६२/८८, नाडी ६८. उभं केलं, पट्टा दंडावर तसाच ठेवून. एका मिनिटाला १२४/७२, नाडी ७३. मुलगा मागे उभा, मी घड्याळाकडे बघतेय. गुरुजी आधी म्हणाले, "मानेवर जू ठेवल्यासारखं वाटतंय." मग थोड्या वेळाने, अगदी शांतपणे, "डॉक्टरीणबाई, तुमचा चष्मा दिसेनासा झाला." तिसऱ्या मिनिटाला १०४/६०, नाडी ७६. झटकन आडवं केलं. दोन मिनिटांत चष्मा परत दिसायला लागला, जूही उतरलं.

मानेवरचं हे जू पुस्तकात सापडतं. उभं राहिल्यावर मान-खांद्याच्या स्नायूंना रक्त पुरत नाही म्हणून ते दुखतात आणि आडवं झालं की थांबतात. गुरुजी हे दुखणं दोन वर्षं सांगत होते. आम्ही स्पाँडिलायटिस म्हणून तेल चोळत होतो.

उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते उभ्याने प्रेशर पडणं, ही सर्वमान्य व्याख्या. आडव्याचं प्रेशर मुळातच चढं असेल तर ३० ची घट धरावी म्हणतात. गुरुजींची घट ५८. त्याहून बोलका आकडा नाडीचा. जुलाब झालेला, पाणी कमी पडलेला माणूस उभा राहिला तर त्याचं हृदय धावत सुटतं. इथे प्रेशर ५८ ने कोसळलं आणि नाडी फक्त ८ ने वाढली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यावरून सोपा हिशेब मांडला आहे: नाडीतली वाढ भागिले प्रेशरमधली घट. उत्तर ०.५ च्या खाली आलं तर दोष बहुधा नसांचा. गुरुजींचं उत्तर ०.१४. त्यासाठी लागलं काय, तर प्रेशरचं यंत्र, घड्याळ आणि मागे उभा राहणारा एक माणूस.

गुरुजींना मी आगराच्या भाषेत समजावलं. आपण उभे राहिलो की अर्धा लिटरहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. पाटाचं पाणी उताराला धावतं तसंच. धडधाकट माणसात स्वायत्त मज्जासंस्था म्हणजे पाणी वळवणारा गडी. तो लगेच खालचे फाटे बंद करतो, म्हणजे नसांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पार्किन्सन्सच्या बऱ्याच रुग्णांत हा गडीच कामावर नसतो. "पंप चालू आणि पाणी सगळं खालच्या पोफळींना," गुरुजी म्हणाले. त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं.

या गैरहजेरीचा पुरावा संशोधकांनी थेट हृदयात पाहिला आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डेव्हिड गोल्डस्टीन यांच्या गटाने गेल्या शतकाच्या शेवटी पेट स्कॅनने दाखवलं, की पार्किन्सन्स आणि उभ्याने प्रेशर पडणं अशी जोडी असलेल्या रुग्णांत हृदयाकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक नसा, म्हणजे याच स्वायत्त मज्जासंस्थेच्या नसा, जवळजवळ नाहीशाच झालेल्या असतात. जपानी डॉक्टर एमआयबीजी नावाच्या स्कॅनने हेच रोजच्या निदानात वापरतात. त्याचा उपयोग असा: पार्किन्सन्ससारखाच दिसणारा मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी हा आजारही प्रेशर असंच पाडतो, पण तिथे बिघाड मेंदूच्या आत असतो, हृदयातल्या नसा बहुतेक शाबूत राहतात. आम्ही स्कॅन केला नाही. न्यूरॉलॉजिस्टशी फोनवर बोलले. पाच वर्षं सिंडोपाला दिलेला उत्तम प्रतिसाद, एका बाजूने सुरू झालेला कंप आणि गेलेलं घ्राण, एवढ्यावर ते पार्किन्सन्सवर ठाम होते.

घ्राणाचं मला तेव्हाच कळलं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "दहा वर्षं झाली असतील. पडवीत फणस पिकला तरी ह्यांना पत्ता नाही." मग एकेक निघत गेलं. बद्धकोष्ठ चाळिशी-पन्नाशीपासून, एरंडेल आणि त्रिफळा कपाटात कायम. झोपेत लाथा झाडणं, वर्गातल्या पोरांवर ओरडणं. एकदा काकूंच्या डोळ्याला लागलं तेव्हापासून त्या माजघरात झोपतात. कंप सुरू व्हायच्या कितीतरी आधीच्या या गोष्टी. डॉक्टरांना सांगायच्या असतात हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

डोंबिवलीच्या जावयांनी यावर बरंच वाचलेलं. त्यांचा प्रश्न होता, आजार पोटातून सुरू झाला का? प्रश्न हवेतला नाही. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ च्या आपल्या निबंधातच बद्धकोष्ठ आणि लाळ गळणं नोंदवलं होतं. १९१२ साली फ्रेडरिक लेवी यांना मेंदूच्या पेशींतले, आज पार्किन्सन्सची खूण मानले जाणारे गोळे दिसले, त्यातली एक जागा होती पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेचं मेंदूतलं केंद्र; कंपाशी संबंधित काळ्या भागात ते दुसऱ्याने नंतर दाखवले. होनोलुलूत ६७९० पुरुषांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. ज्यांना रोज एकदाही शौचाला होत नव्हतं, त्यांना रोज एकदा होणाऱ्यांच्या तुलनेत पुढे पार्किन्सन्स होण्याची शक्यता २.७ पट आढळली, हे २००१ साली छापून आलं. २००३ मध्ये हायको ब्राक यांनी मांडलं, की आजार व्हेगसचं केंद्र आणि घ्राणाचा भाग इथून वर सरकत जातो. आता काही संशोधक दोन वाटा मानतात: काहींत तो शरीरातून मेंदूकडे जातो, काहींत मेंदूतून सुरू होऊन खाली उतरतो. गुरुजींची हकीकत पहिल्या वाटेशी बरीच जुळते. पण जावयांना मी हेही सांगितलं, की बद्धकोष्ठ असलेल्या बहुतेक माणसांना पार्किन्सन्स होत नाही, नाहीतर निम्मं गाव थरथरत असतं.

आता उपचार. पहिलं काम वजाबाकीचं. सिनॅरिझिन त्याच दिवशी बंद. अ‍ॅमलोडिपिन आणि ती जुनी जोडगोळीही बंद. टॅमसुलोसिनसाठी सर्जनशी बोलून लघवी तुंबते का याची सोनोग्राफी करून घेतली. तुंबत नव्हती, तीही थांबवली.

कवचबीजाला मात्र मी एकदम हात लावला नाही. कवचबीज म्हणजे आपली खाजकुयली, कोकणातल्या पोरांनी एकमेकांच्या सदऱ्यात टाकायची ती. तिच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. १९३७ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनीच ते त्यातून वेगळं काढलं. म्हणजे गुरुजी सहा महिने सिंडोपावर न मोजलेली आणखी सिंडोपा खात होते, आणि लेव्होडोपा स्वतःही प्रेशर उतरवतं. त्यांना फरक पडत होता तो भास नव्हता. पण चमचा कधी सपाट, कधी शिगेचा. अचानक बंद केलं तर अंग आणखी ताठ झालं असतं, म्हणून दोन आठवड्यांत हळूहळू कमी केलं आणि न्यूरॉलॉजिस्टच्या सांगण्यावरून सिंडोपा अर्ध्या गोळीने वाढवली. त्या बियांना थोतांड म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. नुसतं झाडपाल्याचं आहे, त्याने काय होणार, म्हणणाऱ्यांशी तर अजिबातच नाही.

मग घरातले उपाय. सकाळी अंथरुणातच दोन मोठे पेले पाणी, भराभर, आणि मग थोड्या वेळाने उठायचं. ज्यांच्या स्वायत्त नसा निकामी झाल्या आहेत त्यांच्यात अर्धा लिटर पाण्याने अर्ध्या तासात प्रेशर ३० हून जास्त चढू शकतं, हे २००० सालच्या सुमाराच्या प्रयोगांतून समोर आलं. साध्या पाण्याचा हा गुण मला आजही थोडा जादूचा वाटतो. मूत्रपिंड आणि हृदय तपासून घेतल्यावर मीठ वाढवलं: सकाळची पेज मीठ घालून, मिठातली कैरी, खारातली मिरची, आणि सुकट, जी एरवी मी प्रेशरवाल्यांना बंद करत फिरते. मुलाने रोज दोन शहाळी लावली होती. शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. इथे पेजच सरस.

पायात घट्ट मोजे घालायला सांगायचं धाडस कोकणच्या दमटपणात मला झालं नाही. त्याऐवजी पोटाला रुंद लवचीक पट्टा, उठण्याआधी बांधायचा, झोपताना काढायचा. रक्त जास्त साचतं ते पोटातच. काकू तोंडाला पदर लावून हसल्या, "बाळंतिणीसारखं पोट बांधायचं काय ह्यांचं?" तसंच, म्हटलं. गुरुजींनी दोन दिवस रुसवा धरला, तिसऱ्या दिवसापासून बांधायला लागले.

जेवणाचा मुद्दा आरतीशीच जोडलेला. भरपेट भात-मोदक खाल्ले की रक्त आतड्यांकडे धावतं, आणि पुढचे दोनेक तास अशा माणसाचं प्रेशर आणखी उतरतं. त्यात भाद्रपदातला उकाडा, माजघरात माणसांची दाटी, एका जागी उभं राहणं. गुरुजी कोसळले ते पंगतीनंतर दीड तासाने. म्हणून दोन मोठ्या जेवणांची पाच छोटी केली आणि जेवणानंतर पडवीतली आरामखुर्ची. दुपारी सपाट आडवं व्हायचं नाही.

कारण दुसरं टोक रात्रीचं. उभ्याने १०४ असणारे गुरुजी औषधं बंद केल्यावर रात्री आडव्याने १७८/९४ व्हायला लागले. मुलगा घाबरला, आणि त्याचं बरोबर होतं. आडव्याने चढं, उभ्याने उतरलेलं. एकाला औषध द्यावं तर दुसरं बिघडतं. माझा कौल असा होता, की रात्रीचं चढं प्रेशर वर्षांनी नुकसान करेल, उभ्याने पडलेलं प्रेशर याच आठवड्यात खुबा मोडेल. पण रात्रीकडे डोळेझाकही करता येत नव्हती, कारण त्या चढ्या प्रेशरमुळे मूत्रपिंड रात्रभर मीठ-पाणी बाहेर टाकतं. गुरुजी रात्री चार-पाचदा लघवीला उठत आणि पहाटे उठताना सर्वांत रिते असत. संडास परसात, तीन पायऱ्या उतरून.

उपाय सुताराने केला. खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली जांभ्याचे चिरे, वरून खाच पाडून, म्हणजे पाय घसरणार नाही. डोक्याकडची बाजू सहा-सात इंच वर आली. नुसत्या उशा रचून हे साधत नाही, कंबरेपासून सगळं अंगच उतारावर हवं. खाटेशेजारी लघवीचं भांडं. आणि झोपण्याआधी एक लाडू किंवा केळं. दुपारी ज्या गोड खाण्याने प्रेशर पाडून गुरुजींना खाली आणलं, तेच रात्री थोडंसं द्यायचं, म्हणजे आडव्याचं प्रेशर जरा उतरतं. हे सांगितलं तेव्हा गुरुजी प्रथमच हसले. चेहरा पार्किन्सन्सचा, हसू डोळ्यांतच दिसलं.

तीन आठवड्यांनी उभ्याने ११० च्या आसपास, पण पहाटेची भोवळ कायम. न्यूरॉलॉजिस्टनी रक्तवाहिन्या आवळून प्रेशर चढवणारी मिडोड्रिन २.५ मिलिग्रॅम सुरू केली, सकाळी आणि दुपारी. शेवटची गोळी झोपण्याच्या निदान चार तास आधी. डोक्यात मुंग्या फिरल्यासारखं वाटतं अशी तक्रार आली, ती त्या गोळीचीच. नॉरअ‍ॅड्रेनलिन भरून काढणारं ड्रॉक्सिडोपा हे औषध जपानमध्ये १९८९ पासून आहे, अमेरिकेत २०१४ पासून. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही.

बद्धकोष्ठ पुरतं सुटलेलं नाही. रोजची मॅक्रोगोलची पावडर आणि पाणी यावर एक दिवसाआड भागतं. पोट साफ नसलं की सिंडोपाही उशिरा चढते, हे गुरुजींनी स्वतः वहीत पकडलं. लाळ गळते ती जास्त तयार होते म्हणून नाही, गिळणं मंदावतं म्हणून. त्याचे व्यायाम ते करतात असं म्हणतात.

वहीबद्दल सांगायलाच हवं. शाळेच्या हजेरीसारखे रकाने: तारीख, आडवा, उभा एक मिनिट, उभा तीन मिनिटं, जेवण, शेरा. पहिल्या पानांवर मुंग्यांची रांग होती. मग काकूंनी दुरेघी वही आणून दिली. दोन रेघांमध्ये लिहायचं म्हटल्यावर अक्षर जागेवर राहतं, निदान अर्धं पान. शिमग्याच्या पानावर नोंद आहे: 'पालखी घरी. खुर्चीत बसून गाऱ्हाणे. पायाची अढी घालून. भोवळ नाही.' पायाची अढी म्हणजे मांड्या आवळून पाय एकमेकांवर चढवणं, तेही आम्ही शिकवलेलंच.

त्या वर्षात ते दोनदा पडले. एकदा पहाटे पाणी न पिता उठले म्हणून, एकदा मे महिन्यात आगरात वाकून सुपारी वेचताना. हाड मोडलं नाही. अलीकडे वहीतल्या तारखा चुकायला लागल्या आहेत, एकच दिवस दोनदा लिहिलेला दिसतो. पार्किन्सन्समध्ये ज्यांचं उभ्याने प्रेशर पडतं त्यांच्यात विसराळूपणाही जास्त आढळतो, आणि काकूंना ते मी अजून नीट सांगितलेलं नाही. मुलगा गणपतीला येईल तेव्हा दोघांना एकत्र बसवून सांगेन. त्याआधी पुढच्या मंगळवारी गुरुजींना बोलावलं आहे. भरपेट जेवून, दीड तासाने, रिक्षाने, पोटाला पट्टा बांधून. आल्याबरोबर टेबलावर आडवं करायचं नाही, असं कंपाउंडरला बजावून ठेवलंय.